अण्णा लिहीत आहेत

घुबडाचा मेसेज आला तेव्हा धाकटी झेरॉक्सच्या रांगेत उभी होती, आणि तिच्या पुढचा दाढीवाला एक जाडजूड पुस्तक पान-पान करून काचेवर पालथं घालत होता. खिशात फोन थरथरला. तिने सवयीने काढून बघितला, सवयीनेच परत खिशात टाकला, आणि मग जिना संपला असं समजून पाय टाकावा आणि खाली आणखी एक पायरी निघावी, तसं तिला झालं. तिने पुन्हा फोन काढला. ‘तुझी कल्पना आमच्या यादीत नाही. बरं झालं, यादी वाचून वाचून मलाच जांभया येतात. आज चारच्या बैठकीत सगळ्यांसमोर मांड. करवत असणार आहे, तयारीने ये.’ एवढंच. मशीनचा हिरवा उजेड दाढीवाल्याच्या हनुवटीवरून सरकत गेला, पुन्हा सरकत गेला, आणि तिला वाटलं, या माणसाला खांद्याला धरून सांगावं की अहो, ठेवा ते पुस्तक बाजूला, माझं काय झालंय ते ऐका आधी. सांगितलं नाही, तेवढी शहाणी होती. पण रांगेतून बाहेर पडून ती चालू लागली तेव्हा मागची बाई म्हणाली, “अगं, नंबर जाईल तुझा.” त्यावर “जाऊ दे की,” असं ती इतक्या आनंदाने म्हणाली की ती बाई जरा दचकलीच.

घुबड म्हणजे कोण हे तिला तरी कुठे माहीत होतं. ‘हाक’च्या खोल्यांमध्ये, म्हणजे गप्पांच्या ग्रुपमध्ये, खरं नाव कुणीच लावत नाही. ‘हाक’ हे आपापसात मेसेज पाठवायचं सॉफ्टवेअर. फुकट, आणि नुसतं फुकट नव्हे तर त्याचं सगळं पोट उघडं. कुणीही आत डोकवावं, काय कसं चालतं ते वाचावं, मोडलेलं दिसलं तर दुरुस्त करून पाठवावं. मालक असा कुणी नाही. ठिकठिकाणचे हौशी लोक आपापल्या नोकऱ्या सांभाळून ते चालवतात, म्हणजे एकमेकांशी कडाकडा भांडतात आणि त्या भांडणातून सॉफ्टवेअर सुधारतं. घुबड त्यांच्यातला जुना, नवख्यांना सांभाळून घेणारा. करवतही जुना, पण जे समोर येईल ते कापणारा. त्याच्या तोंडून ‘हो’ ऐकलेला माणूस अजून जन्माला यायचा होता. आणि ही धाकटी, कारण घरात तिला तेच म्हणतात, आणि नाव घ्या म्हटल्यावर तिला दुसरं काही सुचलं नव्हतं. दर उन्हाळ्यात ही मंडळी विद्यार्थ्यांसाठी प्रोजेक्टच्या कल्पनांची यादी लावत. आवडेल ती उचला, सुट्टीभर करा, कुणी जाणता हात धरून शिकवील. एकच मेसेज दोनदा येतो तो थांबवा, चित्रं लवकर उघडतील असं करा, डोळ्यांना त्रास होणार नाही असे रंग बसवा. धाकटीने ती यादी हॉटेलातल्या मेनूकार्डासारखी वरून खाली वाचली होती; भूक सडकून लागली होती आणि खावंसं मात्र काहीच वाटेना. अगदी तळाशी कुणीतरी उपचार म्हणून लिहिलं होतं, ‘तुमची स्वतःची कल्पना असल्यास जरूर कळवा.’ असली वाक्यं कुणी खरी मानायची नसतात. तिने मानली.

लॅबमध्ये शिरली तेव्हा तिची मैत्रीण, जिचं टेबल तिच्या टेबलाला चिकटून होतं, डोकं खाली घालून कसलीशी तार सोलत होती. धाकटीने फोन तिच्या नाकासमोर धरला. मैत्रिणीने वाचलं, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाली, “तू आधी पाणी पी.” बाटली तोंडाला लावली तर अर्धं पाणी गळ्याखाली आणि अर्धं सदऱ्यावर. “काय म्हणणारेस चार वाजता?” मैत्रिणीने विचारलं. “सगळं,” धाकटी म्हणाली. “सगळं म्हणू नकोस बाई. तू सगळं म्हणायला लागलीस की माणसं दमतात.” हेही खरं होतं. बडबड हा त्यांच्या घराण्याचा रोगच. अण्णांकडून आलेला. आणि हा शब्द मनात आला तसा मघापासून कारंज्यासारखा उडत असलेला आनंद क्षणभर खाली बसला, खाली काहीतरी टोचलं, आणि तिने ते जाणूनबुजून बाजूला सारलं. बैठकीला अवकाश होता. तिने बैठकीला येणाऱ्या सगळ्यांना एक लिंक पाठवली, बैठकीआधी एवढं आपापल्या मशीनवर बसवून घ्या म्हणून लिहिलं, आणि खुर्ची मागे रेलून पाय हलवत बसली.

अण्णा, तिचे वडील, फळबाजारात लिलाव पुकारायचे. पहाटे निघून जायचे ते उन्हं वर आल्यावर परतायचे, आणि जिन्यावरून त्यांचा आवाज आधी यायचा, मग अण्णा. काय आवाज होता. पेट्यांच्या थप्पीवर उभं राहून त्यांनी पुकारा सुरू केला की पलीकडच्या गाळ्यातले हमालसुद्धा ओझं डोक्यावर तसंच ठेवून ऐकत थांबायचे. एका दमात भाव, मालाची तारीफ, समोरच्या व्यापाऱ्याच्या टोपीची चेष्टा, मागच्या वर्षीच्या बोलीची आठवण, आणि पुन्हा भाव. मध्ये कुठे श्वास घेतात ते कुणाला कळायचं नाही. घरी आले तरी पुकारा थांबायचा नाही. भांडी कोण घासणार याचा लिलाव व्हायचा, खिडकीजवळची जागा कुणाची याचा व्हायचा, आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, “अहो, बाजार बंद करा आता, माझे कान किटले.” दादा तेव्हापासूनच मोजकं बोलणारा, तो बोली लावायचा नाही, म्हणून भांडी त्याच्याच गळ्यात पडायची. धाकटी मात्र अण्णांच्या वरताण. त्यांच्या शब्दावर शब्द, कोटीवर कोटी, आणि हरली की पाय आपटत जायची, पुन्हा यायची. घर म्हणजे आवाज, असंच तिला वाटत आलं होतं. शांत घरांत गेली की तिला वाटायचं कुणीतरी आजारी आहे.

मग अण्णांच्या घशात गाठ निघाली आणि डॉक्टरांनी स्वरयंत्रच काढलं. जीव वाचला. गळ्याला एक भोक राहिलं, त्यातून श्वास, आणि आवाज गेला तो गेला. ऑपरेशननंतर आईच सगळ्यांना सांगायची, “जीव वाचला हे काय थोडं आहे,” आणि अण्णा मान डोलवायचे. धाकटीने त्यांच्या फोनवर ‘हाक’ घातलं, घरच्यांचा ग्रुप केला, आणि सगळ्यांना बजावलं की आता अण्णा इथे बोलणार. बोलायला लागलेही. पण जन्मभर हाताने फळं चाचपली, लिलावाच्या खुणा केल्या. अक्षरं शोधायची सवय कुठली असणार. जाड बोट, बारीक कळा. एक वाक्य जुळवेपर्यंत ग्रुपवर दादाचं झालेलं असायचं, वहिनीचं झालेलं असायचं, आत्याने मधेच तिसरंच काढलेलं असायचं, आणि अण्णांची कोटी वरात निघून गेल्यावर सनईवाला यावा तशी एकटीच येऊन उभी राहायची. तरी चाललं होतं. त्या दिवशी दादाने कळवलं की नव्या घराच्या किल्ल्या मिळाल्या. अण्णा लिहायला लागले. तेवढ्यात आत्याच्या मुलाने कळवलं की आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं हाड मोडलं, दवाखान्यात नेतोय. आणि त्याच्या बरोब्बर खाली अण्णांचा मेसेज पडला: ‘वा वा. आता मात्र नाचायलाच हवं.’ दादाने हसणारं तोंड टाकलं, वहिनीने दोन टाकली. नंतर आत्यानेही समजून घेतलं, म्हणजे समजून घेतल्यासारखं लिहिलं. अण्णांनी काहीच लिहिलं नाही. त्या दिवसापासून ते ग्रुपवर नुसता अंगठा टाकतात. दादाने फोटो टाकला, अंगठा. आईने औषध आणायला सांगितलं, अंगठा. अख्खा बाजार पुकारणारा माणूस अंगठेबहाद्दर होऊन बसला, आणि घरात सगळे म्हणायला लागले की अण्णा आता कसे शांत झालेत, छान झालंय. धाकटीला ते ‘छान’ ऐकून दादाला फोनमधून हात घालून बदडावंसं वाटलं होतं.

तिथून कल्पना निघाली. आपल्याला मेसेज पूर्ण झाल्यावरच का दिसावा. माणूस तोंडाने बोलतो तेव्हा वाक्य संपेपर्यंत आपण कान बंद ठेवतो का? अण्णांचं एकेक अक्षर पडेल तसं सगळ्यांना दिसलं, तर कुणी त्यांच्यावरून पुढे जाणार नाही. ही कल्पना तिला बसस्टॉपवर सुचली आणि आलेली बस तिने सोडून दिली, कारण बसमध्ये शिरलो तर ती सांडेल अशी भीती वाटली. मग कितीतरी दिवस ती वर्गात, जेवताना, केस विंचरताना त्यातच होती. ‘हाक’चं पोट उघडून तिने अक्षरांची वाट शोधून काढली, एक कच्चा नमुना जुळवला, आणि सुट्टीला घरी गेली तेव्हा अण्णांच्या फोनवर चढवला. ती आतल्या खोलीत, अण्णा बाहेर खुर्चीत. “लिहा काहीतरी,” ती ओरडली. आणि तिच्या फोनवर एक अक्षर आलं. मग दुसरं. मग काना. बाहेरच्या खोलीतला तिचा बाप आतल्या खोलीत तिच्या हातात अक्षर-अक्षर उमटत होता, आणि तिला पलंगावर उभं राहून नाचावंसं वाटलं. मग तीन अक्षरं मागे गेली. पुन्हा आली, चुकीची. पुन्हा मागे. मध्येच थांबली, कितीतरी वेळ थांबली. अण्णा उठून आत आले, तिच्या खांद्यावरून त्यांनी तिच्या फोनमध्ये बघितलं, आणि आपलं अडखळणं तिथे उघडं पडलेलं त्यांना दिसलं. ते काही न करता परत गेले. मग जुन्याच पद्धतीने, सावकाश, पूर्ण लिहून त्यांनी पाठवलं: ‘बोली लावणाऱ्याची चुळबूळ मी कधी चारचौघांना दाखवली नाही. माझी का दाखवतेस?’ धाकटीला राग आला होता. इतकी मेहनत केली, आणि हा माणूस हट्टाला पेटलाय. सवय झाली की आवडेल, असं तिने आईला सांगितलं. आई म्हणाली, “तुला आवडलंय ना, मग झालं,” आणि त्या वाक्यात काय होतं ते धाकटीने उलगडून बघितलं नाही. परत आल्यावर तिने कल्पना घुबडाला पाठवली. अण्णांचं ते वाक्य सोडून बाकी सगळं लिहिलं.

मघाशी टोचलं ते हेच. पण चार वाजत आले होते, आणि माणूस उडत असताना पायात काय टोचतंय ते कोण बघतं. लॅबच्या खिडकीतून उन्हाचा एक पट्टा कीबोर्डवर आला होता. तिने बोटं त्यात ठेवली, उबदार वाटली. बैठक म्हणजे खोलीत नुसतं लिहायचं, तोंड कुणाचं कुणाला दिसत नाही. माणसं एकेक करून आली. कुणी चहा घेऊन बसलोय म्हणालं, कुणी पोरगं झोपवून येतो म्हणालं. घुबडाने लिहिलं, ‘आज धाकटी बोलणार आहे, शांतपणे ऐका.’ करवतीने लिहिलं, ‘ऐकू. बघू.’ तिने मांडायला सुरुवात केली आणि बोटं अशी धावू लागली की मैत्रीण तार सोलायची सोडून बघत बसली. हळू लिहिणारा माणूस संभाषणातून कसा बाहेर पडतो, अक्षरं दिसली तर कसा आत येईल, नेटवर ताण किती पडेल, तो कसा कमी करता येईल. प्रश्न आले, तिने झेलले. कुणीतरी लिहिलं, ‘हे फारच सुंदर आहे.’ तिचे कान गरम झाले. एवढी सगळी माणसं, कुठून कुठून बसलेली, तिच्या डोक्यात निघालेल्या एका गोष्टीभोवती जमली होती, आणि तिला वाटलं, हेच, हेच आपल्याला आयुष्यभर करायचंय, बाकी गेलं खड्ड्यात. मग करवतीने विचारलं, ‘ज्याच्यासाठी हे करायचं, अशा माणसाने ते वापरून बघितलंय का? त्याचं म्हणणं काय?’

साधा प्रश्न. तिने लिहिलं, ‘माझ्या वडिलांनी वापरलं. त्यांना ते मुळीच’, आणि थांबली. खोडलं. लिहिलं, ‘घरच्या मंडळींनी वापरलं, प्रतिसाद चांगला’, आणि हे वाचून तिला स्वतःचीच शिसारी आली. दादा एकदा दुकानदाराशी खोटं बोलला होता तेव्हा त्याचं तोंड असंच झालं होतं. तेही खोडलं. शेवटी जपून, खोटं ठरणार नाही आणि खरंही कळणार नाही असं लिहिलं, ‘हो, वापरून बघितलंय,’ आणि पाठवलं. उत्तर आलं नाही. कुणाचंच आलं नाही. एरवी गाडी स्टेशनात शिरल्यासारखा कलकलाट असणारी खोली गप्प झाली. मग घुबडाने अगदी हळुवारपणे लिहिलं, ‘धाकटे, तुझी पाठवायची बाजू चालू आहे.’

‘हाक’मध्ये एक रीत आहे, नव्याने येणाऱ्याला पहिल्याच दिवशी शिकवतात: आपण रांधलेलं आधी आपण जेवायचं. जे बनवता ते रोज स्वतःच्या मशीनवर वापरा, मग लोकांना द्या. धाकटी ती रीत इतकी इमानाने पाळत होती की आपण कच्चा नमुना वापरतोय हे ती कधीच विसरून गेली होती. तिची स्वतःची अक्षरं तिला नेहमीसारखीच दिसत. बाकीच्यांना तिने मघाच्या लिंकवरून त्याच नमुन्याची नुसती बघायची बाजू बसवायला सांगितली होती, शेवटी गंमत दाखवायची म्हणून. गंमत सुरुवातीपासूनच चालू होती. तिने काय लिहिलं, काय खोडलं, कुठे थबकली, कसं गुळगुळीत करून पाठवलं, ते सगळं सगळ्यांनी बघितलं होतं. भर रस्त्यात अंगावरचं कापड सुटावं तशी तिची गत झाली. लॅपटॉप मिटावा, वसतिगृहात जावं, पांघरूण ओढून घ्यावं, नाव बदलून दुसऱ्या गावाला राहायला जावं. मैत्रिणीने विचारलं, “काय गं, काय झालं?” आणि त्या भाजून काढणाऱ्या लाजेतच तिला एकदम अण्णा दिसले, तिच्या खांद्यावरून फोनमध्ये वाकलेले. तेव्हा तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलंच नव्हतं. ती फोनकडे बघत होती. ते तोंड कसं झालं असेल ते तिला आत्ता कळत होतं, कारण तिचं स्वतःचं तसंच झालं होतं. खोलीत करवतीचा मेसेज आला. ‘त्यांना ते मुळीच काय?’

तिचा हात नमुना बंद करायला गेला आणि परत आला. आता झाकून काय उपयोग. तिने लिहायला घेतलं, आणि या वेळी बोटं धावेनात. मुळीच आवडलं नाही. अण्णा कोण, काय करायचे, आवाज कसा गेला, आत्याचं हाड, नाचायलाच हवं, अंगठा. लिहिताना चुकत होती, खोडत होती, काही वाक्यं अर्धी टाकून दुसरीकडे जात होती, आणि बराच वेळ लागला. इतका की मध्येच तिला वाटलं, सगळे निघून गेले असतील. पाठवून झाल्यावर तिने विचारलं, ‘तुम्ही वाचत होता का, मी लिहीत असताना?’ घुबडाने लिहिलं, ‘मी खिडकीबाहेर बघत होतो. बरं वाटेना बघायला. पण तू बोलतेयस हे माहीत होतं, मग मध्ये कोण तोंड घालणार?’ करवतीने लिहिलं, ‘मी वाचलं. वाचायला नको होतं.’

आणि हे वाचता वाचता तिच्या डोक्यात काहीतरी फिरलं, जुन्या दाराची कडी फिरावी तसं, जोर लावून आणि मग एकदम. लहानपणी एकदा ती अण्णांबरोबर बाजारात गेली होती. पेटीवर बसून तिने लिलाव बघितला होता. एकवार झालं, दोनवार झालं, तीनवार म्हणायला अण्णांनी तोंड उघडलं, आणि मागच्या ओळीत एका म्हाताऱ्या फळवाल्याचा हात वर यायला लागला. हाताला कंप होता, मन होत नव्हतं, हात अर्ध्यात अडकला होता. अण्णा थांबले. गंमत ही की ते त्या हाताकडे बघत नव्हते. वर छपराकडे बघत होते, पत्र्यावरचं कबुतर बघावं तसे, जणू तीनवार म्हणायचं विसरूनच गेले. बाजार थांबला. कुणी म्हाताऱ्याकडे बघितलं नाही, सगळे अण्णांकडे बघत होते. हात वर आला, बोली लागली, गाडी पुढे. तिने तेव्हा विचारलं होतं, तुम्ही विसरलात का. अण्णा केवढ्याने हसले होते.

माणसाला आपलं अडखळणं दाखवायचं नसतं. त्याला नुसती जागा हवी असते. तिने लिहायला सुरुवात केली, आधी पाठवायची बाजू बंद करून, आणि आता बोटं पुन्हा धावायला लागली, मघापेक्षाही वेगाने, कारण आता आत काहीच टोचत नव्हतं. ‘अक्षरं कुणालाच दाखवायची नाहीत. मी चुकले होते. माणसाने ज्या मेसेजखाली लिहायला घेतलं, तिथे त्याची जागा धरून ठेवायची, बसच्या सीटवर रुमाल टाकतात तशी. बाकीचे पुढे बोलू देत. पण रुमाल सगळ्यांना दिसेल. त्याचं लिहून झालं की मेसेज त्याच जागेवर जाऊन बसेल, आणि सगळ्यांना तिथे घेऊन जाईल. नव्या घराचं उत्तर नव्या घराखालीच पडेल.’ खोलीत एकच गलका उडाला. कुणी म्हणालं हे अवघड आहे, कुणी म्हणालं अवघड आहे म्हणूनच करू या, कुणी तिथल्या तिथे चित्र काढून टाकलं. करवत म्हणाला, ‘लिहायला घेतलं आणि माणूस उठून गेला, तर रुमाल किती वेळ ठेवायचा?’ धाकटीने विचार केला. या वेळी तिने काही गुळगुळीत केलं नाही. ‘माहीत नाही. वडिलांना विचारावं लागेल.’ ‘मग विचारून ये,’ करवतीने लिहिलं, ‘या वेळी आधी विचार. त्यांना नको असेल तर मलाही नको. हवं असेल तर मी नाही म्हणत नाही.’ त्यावर खोलीत कुणीतरी टाळ्या टाकल्या, कारण करवतीकडून याहून जास्त कुणाला कधी मिळालं नव्हतं. घुबडाने सांगितलं, ‘उद्या दुपारपर्यंत नवं लिहून दे. उन्हाळाभर मी आहे तुझ्याबरोबर.’

तिने खुर्ची मागे सारली, उठली, टेबलाला एक चक्कर मारली, पुन्हा बसली. मैत्रिणीला सगळं सांगितलं, म्हणजे सगळंच. मैत्रीण दमली नाही. मग धाकटीने अण्णांना लिहिलं, ग्रुपवर नाही, एकट्यांना. मागचं काढून टाकलंय म्हणून सांगितलं. रुमालाचं समजावलं, करवत कोण आणि त्याने काय विचारलं तेही सांगितलं. ‘मी तुमच्यासाठी करत होते आणि तुम्हालाच विचारलं नाही. हवंय का हे तुम्हाला? नको असेल तर सरळ नको म्हणा. मी रुसणार नाही. आणि हवं असेल तर माणसासाठी किती वेळ थांबायचं असतं ते सांगा, मला तिथे उत्तर द्यायचंय.’ पाठवलं, आणि आता मात्र तिच्या छातीत धडधडायला लागलं, चारच्या बैठकीला धडधडलं नव्हतं तसं. अंगठा येईल. अंगठा आला तर संपलं. अंगठ्याचा अर्थ हो, अंगठ्याचा अर्थ पुरे, अंगठ्याचा अर्थ मला यात ओढू नका. नावाखाली बारीक अक्षरं उमटली, ‘अण्णा लिहीत आहेत’. गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली. उन्हाचा पट्टा कीबोर्डवरून सरकून भिंतीवर चढला होता. ती कशालाही हात लावत नव्हती. एरवी एवढ्या वेळात तिने आणखी चार मेसेज टाकले असते, काय झालं, ऐका ना, राहू दे, जेवलात का. आज तिने हात मांडीखाली दाबून धरले.

अंगठा आला नाही. वाक्य आलं. ‘नको म्हणायला एवढा वेळ लागला नसता.’

तिला हसू फुटलं आणि डोळे भरून आले, दोन्ही एकदम, आणि तिने मैत्रिणीचा दंड इतक्या जोरात पकडला की मैत्रिणीच्या हातातली तार खाली पडली. वाचून पुरतं व्हायच्या आत पुन्हा ‘अण्णा लिहीत आहेत’. बाहेर जिन्यावर वर्ग सुटल्याचे आवाज, कुणाची तरी सायकल, कुणाचं तरी हसणं. मग दुसरा मेसेज आला. ‘पण एक अट आहे. माझ्या नावाने करायचं नाही. म्हाताऱ्यासाठी थांबा म्हटलं की लोक कीव करून थांबतात, ती मला नको. दादा लिहील तेव्हा दादासाठी धर, आत्यासाठी धर, तुझ्या त्या करवतीसाठीसुद्धा धर. सगळ्यांना सारखं असलं की ती रीत होते.’ एवढं लांब त्यांनी किती महिन्यांत लिहिलं नव्हतं. तिने ते मैत्रिणीला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि वाचताना तिचा स्वर आपोआप चढत गेला, पेट्यांच्या थप्पीवर उभं राहिल्यासारखा. तोवर तिसरा येऊन पडला. ‘आणि किती वेळ थांबायचं ते विचारलंस. त्याचं असं आहे,’ आणि पुढे काही नाही. स्वल्पविराम टाकूनच पाठवला होता, म्हणजे बाकीचं येत होतं. नावाखाली बारीक अक्षरं पुन्हा उमटली आणि राहिली.

लॅबचा शिपाई दारात येऊन किल्ल्या वाजवून गेला. मैत्रिणीने तारा गोळा केल्या, डबा भरला, पिशवी खांद्याला लावली, दिव्याच्या बटणावर हात ठेवला आणि म्हणाली, “चल ना, बंद करायचंय. जाता जाता बघ की फोन.” धाकटीने मान वर केली नाही.

“थांब गं जरा,” ती म्हणाली, “अण्णा बोलतायत.”

मैत्रिणीने बटणावरचा हात काढला, खांद्यावरची पिशवी टेबलावर ठेवली, आणि स्टूल ओढून बसली.